ख्रिस्ती मिशनकार्यातील भागीदारी आणि सहकार्याचे जाळे : महाराष्ट्रातील अनुभवाच्या आधारे एक विवेचन

सारांश : एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापासून महाराष्ट्रात अनेक प्रॉटेस्टंट मिशनांनी शिक्षण, वैद्यकीय सेवा, मुद्रण व धर्मप्रसार या क्षेत्रांत कार्य केले. हे कार्य करताना त्यांना एकमेकांशी, परदेशी देणगीदारांशी आणि स्थानिक समाजाशी सातत्याने संबंध जोडावे लागले. यांपैकी काही संबंध दीर्घकाळ टिकले, काही अल्पावधीतच तुटले. प्रस्तुत लेखात क्षेत्रवाटणीचे तत्त्व, पंडिता रमाबाईंचे शारदा सदन, राष्ट्रीय ख्रिस्ती परिषद, वेल्लोरचे वैद्यकीय महाविद्यालय आणि जामखेडचा आरोग्य प्रकल्प या उदाहरणांच्या आधारे परिणामकारक भागीदारीचे घटक स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : मिशन, भागीदारी, क्षेत्रवाटणी, स्थानिक नेतृत्व, निर्णयाधिकार, विदेशी देणगी.

प्रस्तावना

कोणतीही सेवाभावी चळवळ एकाकी उभी राहत नाही. तिला मनुष्यबळ, पैसा, ज्ञान आणि समाजाची मान्यता या चार गोष्टी लागतात आणि त्या एकाच संस्थेकडे क्वचितच असतात. त्यामुळे संस्थांना एकमेकींच्या आधाराची गरज भासते. ख्रिस्ती मिशनांच्या बाबतीत ही गरज अधिक तीव्र होती. निधी व मनुष्यबळ बोस्टन, एडिंबरो किंवा लंडन येथून येई, कार्य मात्र अहमदनगर, कोल्हापूर किंवा नागपूर येथे चाले. निर्णय घेणारे आणि त्या निर्णयांचे परिणाम भोगणारे यांच्यात हजारो मैलांचे अंतर होते.

मिशनकार्याच्या इतिहासाकडे साधारणपणे धर्मांतर, शिक्षण किंवा वसाहतवाद या अंगांनी पाहिले जाते. संस्थात्मक सहकार्याचा एक दीर्घ प्रयोग म्हणून त्याचा विचार त्या मानाने कमी झाला आहे. वास्तविक समाजशास्त्र, इतिहास, समाजकार्य व व्यवस्थापन या सर्व शाखांच्या अभ्यासकांना या प्रयोगातून शिकण्यासारखे बरेच आहे. प्रस्तुत विवेचन प्रॉटेस्टंट परंपरेपुरते मर्यादित ठेवले आहे.

भागीदारी व जाळे : संकल्पनेचे स्पष्टीकरण

‘सहकार्य’, ‘भागीदारी’ आणि ‘जाळे’ हे शब्द अनेकदा एकाच अर्थाने वापरले जातात. तथापि त्यांत भेद करणे आवश्यक आहे. सहकार्यात दोन संस्था एखाद्या कामापुरत्या एकत्र येतात आणि काम संपताच आपापल्या वाटेने जातात. भागीदारीत उद्दिष्ट, जबाबदारी, जोखीम आणि निर्णयाधिकार या चारही गोष्टींची वाटणी अभिप्रेत असते. जाळे म्हणजे अनेक संस्थांचा सैल पण सातत्याचा संबंध. त्यात माहिती, अनुभव व माणसे यांची देवाणघेवाण होते, परंतु प्रत्येक संस्थेचे स्वतंत्र अस्तित्व कायम राहते.

या भेदाचा व्यावहारिक अर्थ असा की, एक संस्था केवळ पैसा देते आणि दुसरी केवळ काम करते तेथे देणगीदार व लाभार्थी असा संबंध असतो. निर्णयाची वाटणी होत नाही तोपर्यंत त्यास भागीदारी म्हणता येत नाही. पुढील उदाहरणांत हाच निकष लावून पाहिला आहे.

क्षेत्रवाटणी : संघर्ष टाळणारे पण अपुरे सहकार्य

अमेरिकन बोर्डाचे गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट हे १८१३ मध्ये मुंबईत पोहोचले आणि अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला गेला. १८३१ मध्ये या मिशनने अहमदनगर येथे केंद्र उघडले. दरम्यान स्कॉटिश मिशनरी कोकणात व मुंबईत आले. १८२९ मध्ये मुंबईत आलेल्या जॉन विल्सन यांच्या कार्यामुळे त्यांचा शैक्षणिक प्रभाव वाढला. नाशिक परिसरात चर्च मिशनरी सोसायटी, कोल्हापूर भागात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन आणि नागपुरात स्कॉटिश मिशन अशी केंद्रे उभी राहिली.

एवढी मिशने एका भाषिक प्रदेशात काम करू लागल्यावर स्पर्धेचा धोका निर्माण झाला. एका मिशनने शिस्तभंगासाठी दूर केलेला कार्यकर्ता दुसऱ्या मिशनकडे जाई. पगारातील तफावतीमुळे शिक्षक व प्रचारक एका मिशनमधून दुसऱ्यात जात. यावर उपाय म्हणून क्षेत्रवाटणीचे तत्त्व स्वीकारले गेले. मोठी शहरे सर्वांना खुली ठेवायची आणि ग्रामीण भागात एका क्षेत्रात एकाच मिशनने काम करायचे, असे या तत्त्वाचे सर्वसाधारण स्वरूप होते. अलाहाबाद (१८७२-७३), कलकत्ता (१८८२-८३), मुंबई (१८९२-९३) आणि मद्रास (१९०२) येथे भरलेल्या दशवार्षिक परिषदांमुळे विविध मिशनांच्या प्रतिनिधींना एकत्र बसून विचार करण्याची संधी मिळाली.

क्षेत्रवाटणीमुळे साधनांचा अपव्यय कमी झाला, हे मान्य करावे लागते. परंतु तिच्या मर्यादाही लवकरच दिसू लागल्या. हा करार मिशनांच्या परस्पर सद्भावावर अवलंबून होता आणि सर्वांनाच तो बंधनकारक वाटत नव्हता. १८७० च्या दशकात अँग्लिकन परंपरेतील एस.पी.जी. या संस्थेने अहमदनगर परिसरात काम सुरू केले, तेव्हा आधीपासून तेथे असलेल्या अमेरिकन मराठी मिशनशी तिचा वाद झाला. बिशपांच्या परंपरेला आवश्यक मानणाऱ्या चर्चला इतर पंथांनी आखलेली सीमा मान्य होणे कठीण होते. म्हणजेच तत्त्वाविषयीचे मतभेद न मिटवता केवळ नकाशावर रेषा आखल्याने प्रश्न सुटला नाही.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर होती. ही वाटणी मिशनरींनी आपसांत केली. ज्यांच्या गावांची वाटणी झाली त्या लोकांचे मत विचारले गेले नाही. एखाद्या गावातील कुटुंब प्रेस्बिटेरियन झाले किंवा काँग्रिगेशनल झाले, यात त्या कुटुंबाच्या निवडीपेक्षा तालुक्याच्या सीमेचा वाटा मोठा होता. परदेशांतील पंथभेद अशा रीतीने मराठी ख्रिस्ती समाजात रुजले आणि पुढे ते दूर करण्यासाठी अनेक दशके वाटाघाटी कराव्या लागल्या.

शारदा सदन : अटींच्या अस्पष्टतेची किंमत

देशी नेतृत्व, परदेशी निधी आणि स्थानिक मान्यता यांना एकत्र बांधण्याचा एक मोठा प्रयत्न पंडिता रमाबाईंनी केला. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर १८८६ मध्ये त्या अमेरिकेत गेल्या. तेथे ठिकठिकाणी व्याख्याने देऊन त्यांनी भारतातील उच्चवर्णीय विधवांची स्थिती मांडली. १८८७ च्या अखेरीस बोस्टन येथे अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि गावोगावच्या ‘रमाबाई मंडळां’मार्फत दहा वर्षे साहाय्य देण्याचे ठरले. लहान देणगीदारांच्या अनेक गटांना एका मध्यवर्ती संस्थेशी जोडणारी ही रचना जाळे उभारणीचे उत्तम उदाहरण होय.

मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढील वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राखली जाईल, अशी भूमिका आरंभी जाहीर करण्यात आली होती. या भूमिकेमुळेच न्या. महादेव गोविंद रानडे व डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारख्या सुधारकांचा पाठिंबा मिळाला. पुढे डॉ. धोंडो केशव कर्वे यांच्याशी ज्यांचा पुनर्विवाह झाला त्या गोदूबाई या सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी होत्या.

तथापि ‘तटस्थता’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक भागीदाराने निराळा घेतला होता. सदनात ख्रिस्ती प्रभावास मुळीच वाव नसावा, अशी स्थानिक सल्लागारांची अपेक्षा होती. रमाबाईंच्या दृष्टीने तटस्थतेचा अर्थ सक्तीचा अभाव एवढाच होता. त्या स्वतःची प्रार्थना उघडपणे करीत आणि ज्या मुली आपणहून येत त्यांना मज्जाव करीत नसत. वृत्तपत्रांतून टीका वाढली. अखेर १८९३ मध्ये स्थानिक सल्लागारांनी संस्थेशी असलेला संबंध जाहीरपणे तोडला आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. अमेरिकेतील मंडळाने मात्र दहा वर्षांचा शब्द पाळला. १८९८ मध्ये ती मुदत संपल्यावर संघटनेची पुनर्रचना झाली आणि केडगाव येथील मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून वाढले.

या प्रसंगात कोणत्याही एका पक्षास दोषी ठरविणे सोपे असले तरी अभ्यासाच्या दृष्टीने ते उपयुक्त नाही. भागीदारीच्या मुळाशी असलेला शब्द अस्पष्ट राहिला आणि तो स्पष्ट करण्याची यंत्रणाही नव्हती, हे खरे कारण दिसते. दुसरी गोष्ट अशी की, निधीचा आधार टिकला तरी स्थानिक विश्वासाचा आधार तुटला. विधवांच्या शिक्षणासाठी मिशनबाह्य समाजाशी जुळलेला एक दुर्मीळ संबंध त्यामुळे संपुष्टात आला. त्याची किंमत संस्थाचालकांपेक्षा ज्या मुलींचे शिक्षण अर्धवट राहिले त्यांनी अधिक मोजली.

समानतेची मागणी : एडिंबरो ते नागपूर

जून १९१० मध्ये एडिंबरो येथे जागतिक मिशनरी परिषद भरली. सुमारे १,२०० प्रतिनिधी उपस्थित होते, परंतु त्यांत आशियाई प्रतिनिधींची संख्या वीसपेक्षाही कमी होती. या परिषदेत व्ही. एस. अझरय्या यांनी केलेले भाषण विशेष गाजले. मिशनरींचा त्याग व श्रम यांविषयी आदर व्यक्त करून, भारतीयांना त्यांच्याकडून बरोबरीची मैत्री हवी आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. हा केवळ भावनिक आग्रह नव्हता. १९०५ मध्ये सेरामपूर येथे स्थापन झालेल्या नॅशनल मिशनरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी ते एक होते. भारतीय कार्यकर्ते, भारतीय निधी आणि भारतीय नेतृत्व या तत्त्वांवर ती संस्था उभी होती. १९१२ मध्ये अझरय्या अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप झाले.

महाराष्ट्रात हीच अस्वस्थता रेव्ह. नारायण वामन टिळक यांच्या जीवनात दिसते. अमेरिकन मराठी मिशनमध्ये दीर्घकाळ काम केल्यानंतर १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या वेतनाचा त्याग केला आणि ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, अशी ती योजना होती. मिशनविषयी वैर न बाळगता त्यांनी वेतन सोडले, ही बाब लक्षणीय आहे. नोकर आणि मालक या नात्यात खरी भागीदारी संभवत नाही, याची जाणीव या निर्णयातून व्यक्त होते.

एडिंबरो परिषदेनंतर जॉन आर. मॉट यांनी भारताचा दौरा केला आणि १९१४ मध्ये नॅशनल मिशनरी कौन्सिल अस्तित्वात आली. तिचे नावच सूचित करते की, ती प्रामुख्याने मिशनांची संघटना होती. १९२३ मध्ये तिचे राष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेत रूपांतर झाले आणि किमान निम्मे सदस्य भारतीय असावेत, असा नियम करण्यात आला. सद्भावनेने जे साधले नव्हते ते घटनेतील एका कलमाने साधले. पुढे या परिषदेचे मुख्यालय नागपूर येथे स्थिरावले. १९७९ मध्ये ती चर्चेसची परिषद झाली.

याच नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा चर्च परंपरांच्या एकीकरणातून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. त्यासाठीच्या वाटाघाटी १९२९ पासून, म्हणजे सुमारे चार दशके चालल्या होत्या. तरीही कायदेशीर बाजू अनेक ठिकाणी अपुरी राहिली. गुजरातमधील ब्रदरन चर्चच्या मालमत्तेसंबंधीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निर्णय दिला. संस्था नोंदणी व सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेसंबंधीच्या कायद्यांतील प्रक्रिया पूर्ण न करता केवळ विलीनीकरणाच्या ठरावाने मालमत्तेचे हस्तांतरण होत नाही, असा त्याचा आशय होता. मनोमीलनास कागदपत्रांची जोड नसेल तर एकीकरणानंतर चाळीस वर्षांनीही वाद उभा राहू शकतो, हे यावरून स्पष्ट होते.

वेल्लोर व जामखेड : यशस्वी भागीदारीचे दोन नमुने

डॉ. आयडा स्कडर यांनी १९०० मध्ये वेल्लोर येथे एका खाटेच्या दवाखान्याने काम सुरू केले. १९१८ मध्ये स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा निघाली. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात मद्रास प्रांतात पदविका अभ्यासक्रमाऐवजी पदवी आवश्यक ठरविण्यात आली आणि संस्थेपुढे अस्तित्वाचा प्रश्न उभा राहिला. पदवी महाविद्यालयासाठी लागणारी रुग्णालये, प्रयोगशाळा व प्राध्यापक पुरविणे कोणत्याही एका मिशनच्या आवाक्याबाहेर होते. अनेक पंथांच्या मिशनांनी एकत्र येऊन हा भार उचलला. त्यासाठी एक तडजोड करावी लागली. केवळ स्त्रियांसाठी उभारलेल्या संस्थेत पुरुषांना प्रवेश देण्यास काही जुन्या समर्थकांचा विरोध होता. चर्चेअंती १९४७ मध्ये पुरुष विद्यार्थ्यांना प्रवेश मिळाला. प्रत्येक भागीदाराने स्वतःच्या आग्रहाचा काही अंश सोडला, म्हणून संस्था टिकली.

याच महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये तत्कालीन अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तत्पूर्वी वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम करताना त्यांच्या लक्षात आले होते की, उपचार करून परत पाठविलेले रुग्ण त्याच आजाराने पुन्हा येतात. म्हणून जामखेडमध्ये त्यांनी रुग्णालयाइतकेच गावाला महत्त्व दिले. काम सुरू करण्यापूर्वी स्थानिक लोकांशी बोलणी केली, शेतकरी मंडळे व महिला मंडळे उभी केली आणि गावाने निवडलेल्या स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून प्रशिक्षण दिले. यांतील अनेक स्त्रिया निरक्षर होत्या व दलित समाजातील होत्या. दुष्काळाच्या काळात पिण्याच्या पाण्याचे हातपंप दलित वस्तीत बसविले गेले. त्यामुळे इतरांनाही पाण्यासाठी तेथे येणे भाग पडले आणि अस्पृश्यतेच्या भिंतीला तडा गेला.

जिनिव्हा येथील जागतिक चर्च परिषदेच्या ख्रिश्चन मेडिकल कमिशनशी या प्रकल्पाचा संबंध होता. या कमिशनने जामखेडसारखे अनुभव जागतिक आरोग्य संघटनेपर्यंत पोहोचविले. १९७५ मध्ये संघटनेने प्रसिद्ध केलेल्या ‘हेल्थ बाय द पीपल’ या ग्रंथात जामखेडचा समावेश झाला आणि १९७८ च्या अल्मा आटा जाहीरनाम्यामागील प्राथमिक आरोग्यसेवेच्या विचारास अशा प्रयोगांचा आधार मिळाला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास रॅमन मॅगसेसे पुरस्कार देण्यात आला. येथे जाळ्यातून ज्ञानाचा प्रवाह जामखेडच्या खेड्यांतून जिनिव्हाकडे गेला. एकोणिसाव्या शतकातील प्रवाहाची दिशा येथे उलटलेली दिसते.

परिणामकारक भागीदारीचे घटक

वरील उदाहरणांवरून पुढील घटक निष्पन्न होतात.

१) मर्यादित व स्पष्ट उद्दिष्ट : वेल्लोर येथे सर्व पंथांना मान्य असे एकच उद्दिष्ट होते. धर्मशास्त्रीय मतभेद कायम असूनही वैद्यकीय शिक्षणाबाबत एकवाक्यता शक्य झाली.

२) शब्दांच्या अर्थाबाबत पूर्वसहमती : शारदा सदनातील ‘तटस्थता’ या शब्दाप्रमाणे कळीच्या संज्ञांचा अर्थ आरंभीच लिहून ठेवला नाही तर पुढे अविश्वास निर्माण होतो.

३) निर्णयाधिकाराची नियमबद्ध वाटणी : १९२३ मधील निम्म्या भारतीय सदस्यत्वाचा नियम दाखवितो की, समानतेची हमी केवळ सौजन्याने मिळत नाही.

४) ज्यांच्यासाठी कार्य त्यांचा सहभाग : क्षेत्रवाटणीत लोक अनुपस्थित होते, जामखेडमध्ये ते केंद्रस्थानी होते. दोहोंच्या परिणामांतील फरक मुख्यतः यातून उद्भवतो.

५) कायदेशीर पूर्तता : मालमत्ता, विश्वस्त व हिशेब यांबाबतची अस्पष्टता पुढील पिढीवर वादाचे ओझे टाकते.

६) वाद सोडविण्याची यंत्रणा : मतभेद स्वाभाविक असतात. ते वृत्तपत्रांत किंवा न्यायालयात जाण्यापूर्वी मांडता येतील असे व्यासपीठ आवश्यक असते.

समकालीन परिस्थितीतील आव्हाने

आजच्या काळात या विवेचनास वेगळे महत्त्व प्राप्त झाले आहे. २०१० च्या विदेशी योगदान (नियमन) कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार एका संस्थेने मिळविलेली विदेशी देणगी दुसऱ्या संस्थेस हस्तांतरित करण्यास मनाई करण्यात आली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली गेली आणि अशी देणगी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारणे बंधनकारक झाले. एक मोठी संस्था निधी आणते आणि लहान संस्थांना वाटते, ही रचना त्यामुळे संपुष्टात आली. हे नियम सर्वच स्वयंसेवी संस्थांना लागू आहेत.

या बदलाच्या इष्टानिष्टतेविषयी मतभेद असू शकतात. परंतु त्याने एक कसोटी मात्र पुढे आणली आहे. पैशाचा प्रवाह थांबल्यावर ज्या जाळ्यांमध्ये देवाणघेवाणीसारखे काहीच उरत नाही, ती मुळात वितरणाच्या साखळ्या होत्या. प्रशिक्षण, अनुभव व परस्परविश्वास यांवर उभी असलेली जाळी निधी आटला तरी टिकण्याची शक्यता अधिक असते. याशिवाय, मिशनसंस्थांकडे समाजाचा एक भाग संशयाने पाहतो, हे वास्तवही नाकारता येत नाही. अशा स्थितीत सेवा आणि धर्मप्रसार यांच्या संबंधाबाबत संस्थेची भूमिका काय, हे सहकाऱ्यांना व समाजाला आधीच स्पष्टपणे सांगणे हाच सुरक्षित मार्ग होय. शारदा सदनाचा धडा येथे पुन्हा उपयोगी पडतो.

निष्कर्ष

महाराष्ट्रातील मिशनकार्याचा इतिहास दाखवितो की, भागीदारीचे यश साधनांच्या विपुलतेपेक्षा अधिकाराच्या वाटणीवर अवलंबून असते. क्षेत्रवाटणीने भांडणे कमी केली, पण लोकांना निर्णयाबाहेर ठेवले. शारदा सदनास निधी, नेतृत्व व मान्यता तिन्ही लाभली, परंतु अटींच्या अस्पष्टतेने तिसरा आधार गमावला. वेल्लोर व जामखेड येथे भागीदारांनी आपल्या अधिकाराचा काही अंश स्वेच्छेने सोडला आणि म्हणून कार्य विस्तारले.

हा निष्कर्ष धार्मिक संस्थांपुरता मर्यादित नाही. मूल्यांकनाच्या निमित्ताने महाविद्यालये आज अनेक सामंजस्य करार करतात. करारांची संख्या अहवालात नोंदविली जाते, परंतु निर्णय कोण घेणार, खर्च कोण उचलणार आणि मतभेद झाल्यास काय करायचे, हे प्रश्न त्यांत अनेकदा अनुत्तरित राहतात. अझरय्यांनी १९१० मध्ये मागितलेली बरोबरी आणि गावाने निवडलेल्या जामखेडच्या आरोग्य कार्यकर्तीला मिळालेला मान या दोहोंत भागीदारीचे जे तत्त्व आहे, ते प्रत्येक करारास लावून पाहिल्यास खरी भागीदारी कोणती आणि कागदावरची कोणती, हे ओळखणे कठीण जाणार नाही.